तार वर्गापर्यंत जायला हवी

(दहावी १९९६च्या तुकडीच्या स्नेहमेळाव्यात शाळेच्या सभागृहात केलेल्या भाषणाचा मजकूर)



संयोजन समितीने मला विषय दिला 'शाळा आणि इंटरनेट' आणि वेळ दिली वीस मिनिटं. मागे जेवणाची भांडी वाजायला लागली आहेत, त्यामुळे वेळ पाळावीच लागेल.

आधीच सांगते, मी इथे नुसती माहिती द्यायला उभी नाही, मला तुमचं मत वळवायचं आहे. आपल्या तुकडीने शाळेसाठी निधी जमवला आहे आणि तो कशावर खर्च करायचा हे आज जेवणानंतर ठरायचं आहे. समितीपुढचा प्रस्ताव टॅबचा आहे. एका वर्गाला पुरतील एवढे टॅब, प्रत्येकाच्या पाठीवर आपल्या तुकडीचं नाव. हा प्रस्ताव मांडणाऱ्यांनी महिनोन्‌महिने फोन करून, लोकांच्या मागे लागून पैसे गोळा केले आहेत. त्यांच्या तळमळीबद्दल मला शंका नाही. तरीही माझं म्हणणं वेगळं आहे. हा पैसा शाळेच्या नेटच्या जोडणीवर, तिच्या दर महिन्याच्या बिलावर आणि देखभालीवर घालावा. त्यात आपलं नाव फारसं कुठे दिसणार नाही. तरी तसं का करावं, ते सांगते.

आपण नववीतून दहावीत गेलो त्या वर्षी, १५ ऑगस्ट १९९५ रोजी, विदेश संचार निगमने सर्वसामान्य लोकांसाठी इंटरनेट सुरू केलं. ज्या मोजक्या शहरांत ते आधी आलं त्यात मुंबई होतीच. टेलिफोनची लाइन मोडेमला जोडायची, मग तो कर्कश आवाज, आणि तेवढा वेळ घरचा फोन बंद. आपल्यापैकी कुणाच्या घरी ते होतं असं मला आठवत नाही. आपल्यासाठी कम्प्युटर म्हणजे चपला बाहेर काढून जायची खोली. एका यंत्रासमोर चौघं, आणि पडद्यावर लोगोचं कासव. ते यंत्र कशालाही जोडलेलं नव्हतं, आणि ते कशाला तरी जोडलेलं असायला हवं असंही आपल्याला कधी वाटलं नाही.

आपण परीक्षेला बसलो त्या १९९६ साली जगात दोन गोष्टी घडल्या. अमेरिकेत दूरसंचाराचा नवा कायदा झाला. त्यातून 'ई-रेट' नावाची योजना निघाली. शाळा आणि वाचनालयांच्या इंटरनेटच्या खर्चात २० ते ९० टक्क्यांपर्यंत सवलत, आणि वस्ती जितकी गरीब तितकी सवलत जास्त. या योजनेतून मुलांच्या हातात द्यायचे कम्प्युटर घेता येत नाहीत. पैसा मिळतो तो जोडणीला, तारांना आणि दरमहाच्या सेवेला. कम्प्युटर कुणीही देणगी देईल, बिल कुणी भरणार नाही, हे योजना आखणाऱ्यांना बहुधा माहीत असावं. दुसरी गोष्ट एस्टोनियातली. चौदा-पंधरा लाख वस्तीचा तो देश सोव्हिएत संघातून नुकताच बाहेर पडला होता. खिशात फारसं काही नव्हतं. त्याने 'वाघाची झेप' नावाची मोहीम जाहीर केली, काही वर्षांत सगळ्या शाळा जोडल्या आणि सोबत शिक्षकांना शिकवलं.

अमेरिकेचे आकडे मला एका कारणासाठी आवडतात. तिथल्या सरकारी पाहणीत 'किती शाळांत इंटरनेट आहे' याबरोबर 'किती वर्गखोल्यांत आहे' हेही मोजलं. सार्वजनिक शाळांच्या वर्गखोल्यांपैकी १९९६ साली १४ टक्के जोडलेल्या होत्या. २००५ साली ९४ टक्के. म्हणजे तार शाळेच्या फाटकाशी आली की काम झालं असं धरलं नाही, ती मुलाच्या बाकापाशी किती आली ते पाहिलं.

आता आपल्याकडे बघू. केंद्र सरकारच्या यूडायस प्लसच्या अहवालाप्रमाणे देशातल्या इंटरनेट असलेल्या शाळा २०२१-२२ साली सुमारे ३४ टक्के होत्या, २०२४-२५ साली ६३.५ टक्के झाल्या. तीन वर्षांत मोठी वाढ आहे, आणि तिचं श्रेय द्यायला हवं. पण हा आकडा शाळांचा आहे. शाळेत इंटरनेट आहे का? हो किंवा नाही. ऑफिसातल्या एका कम्प्युटरला नेट असलं तरी उत्तर 'हो'. आपल्या शाळेचं उत्तरही 'हो' आहे.

खरं सांगायचं तर महाराष्ट्रातल्या शाळांत इंटरनेट आलं ते मुलांसाठी आलंच नाही, ऑफिससाठी आलं. इथे बसलेल्या बाईंना आणि सरांना हे मी सांगायला नको. पगार 'शालार्थ'वर गेला. २०१५ साली 'सरल' आलं आणि प्रत्येक मुलाची माहिती ऑनलाइन भरायची झाली. दिवसा सर्व्हर चालायचा नाही म्हणून शिक्षकांनी रात्री जागून, काहींनी सायबर कॅफेत बसून, स्वतःच्या खिशातून पैसे घालून ती माहिती भरली. त्याआधी २००९ पासून मुंबईत अकरावीचे प्रवेश ऑनलाइन झाले होते. आपण रुईया, रुपारेल, कीर्तीच्या फाटकाबाहेर याद्या बघायला उभे राहिलो, आपल्यामागच्या मुलांनी पडद्यावर पाहिल्या. शाळेला नेट लागतं ते माहिती वर पाठवण्यासाठी, ही समजूत तेव्हापासून घट्ट झाली. नेट खाली, मुलांपर्यंत जायचं असतं, हे मागेच राहिलं.

दिवाळीच्या आसपास मुख्याध्यापिका बाईंच्या परवानगीने मी तीन शनिवार शाळेत आले. लॅपटॉप घेऊन मजल्यामजल्यावर फिरले. ऑफिसात उत्तम वेग आहे. राउटर कपाटावर ठेवलेला आहे, शेजारी जुन्या हजेरीपटांचे गठ्ठे. पहिल्या मजल्यावर जिन्याच्या तोंडाशी थोडं नेट मिळतं. दुसऱ्या मजल्यावर प्रयोगशाळेत ते लागतं आणि तुटतं. तिसऱ्या मजल्यावर दहावीच्या वर्गात वायफायचं नावसुद्धा दिसत नाही. यात ना शाळेचा दोष आहे ना नेट देणाऱ्या कंपनीचा. आपली इमारत जुनी, भिंती दीड-दोन फुटांच्या. आपल्याला उन्हाळ्यात गार ठेवणाऱ्या त्याच भिंती वायफायच्या लहरी गिळून टाकतात. मध्ये दोन-तीन स्लॅब आले की विषयच संपला. यावर उपाय जुनाच आहे. प्रत्येक मजल्यापर्यंत तांब्याची तार न्यायची. साधी नेटवर्कची तार १०० मीटरपर्यंत व्यवस्थित चालते आणि आपल्या इमारतीत एवढं अंतर कुठेच नाही. मग मजल्यावर छोटं उपकरण बसवायचं आणि तिथून वर्गांना वायफाय द्यायचं.

मग आज दहावीत काय होतं? विज्ञानाच्या बाई स्वतःच्या मोबाइलचा हॉटस्पॉट लावतात. हृदयाचे कप्पे कसे उघडझाप करतात ते मुलांना दाखवतात. तिसऱ्या तासापर्यंत त्यांचा दिवसाचा दीड जीबी संपतो. चौथ्या तासाला दुसऱ्या तुकडीत तेच हृदय त्या खडूने फळ्यावर काढतात. चित्र सुंदर काढतात. पण दुसऱ्या तुकडीने काय घोडं मारलं आहे?

बालभारतीच्या आताच्या पुस्तकांत क्यूआर कोड असतात. मोबाइलने तो टिपला की धड्याशी संबंधित चित्रफीत, स्वाध्याय असं काहीबाही उघडतं. पुस्तकात असे कोड घालण्याची कल्पना राबवून दाखवली ती माढा तालुक्यातल्या परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेतल्या रणजितसिंह डिसले सरांनी. त्यांना २०२० साली 'ग्लोबल टीचर प्राइझ' मिळालं, दहा लाख डॉलरचं, आणि त्यातले अर्धे त्यांनी बाकीच्या नऊ अंतिम स्पर्धकांना वाटून टाकले, हे तुम्ही वाचलं असेल. एका छोट्या गावातल्या शिक्षकाची कल्पना राज्याच्या पुस्तकात आली, याचा अभिमान वाटतो. पण ज्या वर्गात नेट नाही तिथे तो कोड म्हणजे पानावरची काळीपांढरी नक्षी.

आता भूगोल सांगते, कारण तो आपल्या भागाचा आहे. जगाशी भारताची बोलणी समुद्राच्या तळावरच्या तारांतून चालतात. १८७० साली मुंबई समुद्राखालच्या तारेने एडन, सुएझमार्गे इंग्लंडशी जोडली गेली, ती तारायंत्रासाठी. १९९७ साली 'फ्लॅग' नावाची प्रकाशतंतूंची केबल मुंबईत आली, मग आणखी आल्या. ३० जानेवारी २००८ रोजी इजिप्तमध्ये अलेक्झांड्रियाजवळ दोन केबल तुटल्या आणि भारतातलं इंटरनेट निम्म्यावर आलं, तेव्हा आपल्यातल्या आयटीवाल्यांची झालेली धावपळ आठवत असेल. या केबल जिथे जमिनीवर येतात त्या मोजक्या ठिकाणांपैकी एक आहे प्रभादेवीचं लोकमान्य विदेश संचार भवन. परळहून सरळ रेषेत दोन-तीन किलोमीटर. एल्फिन्स्टनचा पूल पाडायला घेतल्यापासून आपल्याला तिथे जायला वळसा पडतो, पण प्रकाशाला पडत नाही. आणि मधल्या पट्ट्यात, जिथे आपल्यापैकी अनेकांचे वडील, काका, आजोबा तीन पाळ्यांत काम करायचे त्या गिरण्यांच्या जागेवर, काचेच्या इमारती आहेत. त्यातल्या प्रत्येक मजल्यावर दोन-दोन कंपन्यांची फायबर आहे, एक बंद पडली तर दुसरी असावी म्हणून. त्यांच्याबद्दल माझी तक्रार नाही, माझी भाकरी त्याच धंद्यातून येते. मुद्दा एवढाच की आपल्या भागात तार कमी नाही. अर्धं जग आपल्या फुटपाथखालून जातं. तार तिथवर जाते जिथे दर महिन्याला बिल भरणारा कुणी असतो.

मग सरकार का नाही भरत? काही प्रमाणात भरतं. मोबाइल आणि टेलिफोन कंपन्यांच्या महसुलातला ठरावीक हिस्सा एका निधीत जातो. पूर्वी त्याला सार्वत्रिक सेवा दायित्व निधी म्हणत, २०२३च्या दूरसंचार कायद्याने त्याचं नाव 'डिजिटल भारत निधी' झालं. त्यातून खेड्यापाड्यांत टॉवर उभे राहिले, ग्रामपंचायतींना जोडणारं 'भारतनेट' झालं. २०२५-२६च्या अर्थसंकल्पात भारतनेटमधून ग्रामीण भागातल्या सगळ्या सरकारी माध्यमिक शाळांना ब्रॉडबँड देण्याची घोषणा झाली. चांगली आहे. फक्त आपण त्यात बसत नाही. आपण ग्रामीण नाही, आणि सरकारीही नाही, अनुदानित आहोत. अनुदानित म्हणजे शिक्षकांचा पगार शासनाचा, आणि बाकी खर्चाला वेतनेतर अनुदान. हा शब्द उच्चारल्यावर पहिल्या रांगेत जे हसू उमटलं त्यातच सगळं आलं. वीज, पाणी, खडू, स्वच्छतागृहाची सफाई, छपराची गळती, सगळं त्यातून भागवायचं. त्या यादीत नेटचं बिल शेवटून पहिलं असतं.

आता टॅबकडे येते. हा प्रयोग आपल्या शहरात मोठ्या प्रमाणावर झालेला आहे. २०१५ साली मुंबई महानगरपालिकेने आपल्या शाळांतल्या आठवीच्या मुलांना वीस हजारांहून जास्त टॅब दिले. अभ्यासक्रम आतच भरलेला. दप्तराचं ओझं कमी व्हावं हा हेतू चांगला होता, आणि मुलांना ते आवडलेही. पण बॅटरी उतरते, पडदा फुटतो, अभ्यासक्रम बदलतो. मग दुरुस्ती कोण करणार, नवा मजकूर कोण भरणार, हे प्रश्न पुढची कित्येक वर्षं वर्तमानपत्रांत येत राहिले. महापालिकेसारख्या संस्थेला जे जड गेलं ते आपल्या शाळेला हलकं जाईल असं मला वाटत नाही.

त्याआधीची गोष्ट माध्यमिक शाळांतल्या आयसीटी प्रयोगशाळांची. केंद्र आणि राज्य मिळून ही योजना. कंपनीने कम्प्युटर बसवायचे, शिक्षक नेमायचा, पाच वर्षांनी सगळं शाळेच्या ताब्यात द्यायचं. पाच वर्षं संपली. कम्प्युटर राहिले, शिक्षकाची नेमणूक संपली. कायम करा म्हणून ते शिक्षक आझाद मैदानावर बसले. आणि कुलूपबंद खोलीत यंत्रं धूळ खात राहिली. ती टाकताही येत नाहीत, कारण डेडस्टॉक रजिस्टरला नोंद आहे आणि निर्लेखनाची मंजुरी यायची आहे. ऑफिसात काम केलेल्या सगळ्यांना हे माहीत आहे. वस्तू रजिस्टरवर चढली की ती सांभाळण्याची जबाबदारी येते, ती मोडली तर जाब द्यावा लागतो. म्हणून ती मोडू नये यासाठी कपाटात जाते. आपले टॅबही पहिल्या वर्षी वर्गात आणि तिसऱ्या वर्षी कपाटात असतील. त्यांच्या पाठीवर आपलं नाव असेल, ते फक्त कपाटाच्या आतल्या बाजूला दिसेल.

उलट एक उदाहरण जवळचंच. जानेवारी २०१६मध्ये मुंबई सेंट्रल स्टेशनवर गूगल आणि रेलटेल यांनी मोफत वायफाय सुरू केलं. पुढे ते देशभरातल्या शेकडो स्टेशनांवर गेलं. २०२० साली गूगलने जाहीर केलं की आम्ही यातून बाहेर पडतो. तरी वायफाय बंद पडलं नाही. कारण रुळांच्या कडेने गेलेली फायबर रेलटेलची होती, ती सांभाळणारी माणसं रेलटेलची होती. उद्घाटन करणारा निघून गेला तरी सांभाळणारा जागेवर होता.

मी ज्या कामात वीस-बावीस वर्षं आहे तिथे कुठलीही नवी यंत्रणा उभी करताना पहिला प्रश्न हाच असतो: रात्री दोन वाजता हे बंद पडलं तर फोन कुणाला जाणार? त्या प्रश्नाला एका माणसाच्या नावाचं उत्तर नसेल तर यंत्रणा सुरूच करत नाहीत. शाळांच्या बाबतीत हा प्रश्न कुणी विचारत नाही. विचारतात तो उद्घाटनाला कोण येणार हा.

आता तुमच्या मनातल्या शंका. पहिली शंका आपल्याच ग्रुपवर आली होती: "हल्ली सगळ्यांकडे मोबाइल आहे, शाळेला वेगळं नेट कशाला?" २०१६ सालच्या सप्टेंबरपासून जिओमुळे डेटा स्वस्त झाला हे खरं. पण मोबाइल कुणाचा आहे ते पाहा. आपल्या शाळेत आज येणाऱ्या अनेक मुलांच्या घरी एकच चांगला फोन आहे आणि तो सकाळी वडिलांबरोबर किंवा आईबरोबर कामावर जातो. २०२०च्या जूनमध्ये वर्ग ऑनलाइन सुरू झाले तेव्हा हे सगळ्यांनी पाहिलं. दहा बाय बाराच्या खोलीत दोन भावंडं, एक फोन, दोघांचे वर्ग एकाच वेळी. त्या काळात सह्याद्री वाहिनीवरची 'टिलिमिली' ही मालिका जास्त घरांत पोचली असेल, कारण टीव्हीला नेट लागत नाही. मुंबईत आठवीपासून वरचे वर्ग ४ ऑक्टोबर २०२१ला उघडले. दीड वर्षाहून जास्त काळ मुलांचं शिक्षण घरातल्या फोनवर अवलंबून होतं. असा काळ पुन्हा येऊ नये. पण आला तर निदान शाळेच्या आवारात मुलांना आळीपाळीने बसवता यावं.

आणि फोन असला तरी त्यावर काय चालतं? 'असर'च्या २०२४च्या पाहणीत ग्रामीण भागातल्या १४ ते १६ वयाच्या मुलांना विचारलं. त्यांतल्या ८० टक्क्यांहून अधिक मुलांना स्मार्टफोन वापरता येत होता. आदल्या आठवड्यात अभ्यासासाठी तो वापरलेली ५७ टक्के, समाजमाध्यमांसाठी ७६ टक्के. लालबाग-परळमध्ये वेगळं चित्र असेल असं मला वाटत नाही. आपल्या घरातही नाही.

दुसरी शंका आपल्या एका सरांनी मघाशी चहाच्या वेळी मला विचारली: "अगं, पण मुलं नको ते बघतील त्याचं काय?" सर, ती आत्ताही बघतात, फक्त एकटी बघतात. शाळेच्या नेटवर नको त्या गोष्टी अडवण्याची सोय करता येते आणि ती आपण करूच. पण त्याहून महत्त्वाचं म्हणजे वर्गात मोठं माणूस शेजारी असतं. ही माहिती खरी कशावरून, ही कुणी लिहिली, हे विचारायची सवय आम्हाला तुम्ही लावलीत. इतिहासाच्या तासाला एकाच घटनेबद्दल दोन पुस्तकांत दोन तारखा सापडल्या तेव्हा तुम्ही आम्हाला ग्रंथालयात पिटाळलं होतं. आजच्या मुलांना तसंच पिटाळायला जागा हवी.

तिसरी शंका खर्चाची. त्यासाठी आकडेमोड करून आणली आहे. एका वर्गात फळ्यावर एक चित्रफीत दाखवायला पाच एमबीपीएस वेग पुरतो. दहा वर्गांत एकाच वेळी दाखवली तर पन्नास. चाळीस मुलांना चाळीस टॅब देऊन प्रत्येकाने वेगळी चित्रफीत लावली तर एकाच वर्गाला दीड-दोनशे लागतील. म्हणजे टॅबचा खर्च करून वर नेटचाही खर्च वाढतो. शिवाय सगळंच बाहेरून आणायची गरज नाही. शाळेतच एक साधा कम्प्युटर सर्व्हर म्हणून ठेवता येतो. त्यावर बालभारतीची पुस्तकं, मराठी विकिपीडिया, निवडक चित्रफिती रात्री उतरवून ठेवायच्या. 'किविक्स', 'कोलिब्री' अशी मोफत सॉफ्टवेअर त्यासाठीच आहेत. बाहेरचं नेट गेलं तरी वर्गातलं काम अडत नाही.

तर माझा प्रस्ताव असा. निधीचा पहिला भाग तारांसाठी: प्रत्येक वर्गात एक जोड, प्रत्येक मजल्यावर एक वायफाय उपकरण, वीज गेली तर तासभर चालेल असा यूपीएस, आणि कोणती तार कुठून कुठे जाते त्याचा नकाशा ऑफिसच्या भिंतीवर. हा खर्च एकदाच. पाइपातून नीट टाकलेली तार पंधरा-वीस वर्षं टिकते.

दुसरा आणि सगळ्यात मोठा भाग मुदत ठेवीत. महिन्याला तीन हजारांची जोडणी धरली तर वर्षाचे ३६ हजार, त्यावर १८ टक्के जीएसटी, म्हणजे साधारण साडेबेचाळीस हजार. साडेसहा टक्के व्याज धरलं तर साडेसहा लाखांच्या ठेवीतून हे बिल दर वर्षी भरलं जाईल, मुद्दलाला हात न लावता. व्याजदर खाली गेले तर फरक आपण भरू, माणशी वर्षाला एका नाटकाच्या तिकिटाएवढा येईल. आपल्या आजोबांच्या पिढीने याच शाळेत बक्षिसांसाठी ठेवी ठेवल्या होत्या. त्यांच्या व्याजातून आपल्याला संस्कृतचं, गणिताचं बक्षीस मिळायचं. त्या दात्यांची नावं आपल्याला अजून पाठ आहेत, वस्तू दिलेल्यांची नाहीत.

तिसरा भाग माणसासाठी. आपल्या भागातल्या एखाद्या तंत्रज्ञाशी वर्षाचा करार, महिन्याला एक फेरी आणि बोलावल्यावर दुसऱ्या दिवशी हजर. त्याच्या वर आपल्यापैकी दोघांची नावं आणि फोन नंबर, दर सहा महिन्यांनी बदलून. बंद पडलं की बाईंनी आम्हाला फोन करायचा, रात्री दोनलासुद्धा. पासवर्ड बंद पाकिटात मुख्याध्यापकांच्या कपाटात, म्हणजे कुणी निवृत्त झालं किंवा परदेशी गेलं तरी शाळा अडणार नाही. आणि एक वही: कधी बंद पडलं, का, किती वेळाने सुरू झालं. वर्षाच्या शेवटी त्या वहीवरूनच कळेल की आपण दिलेले पैसे कामी आले की नाही.

टॅबवाल्या मित्रांना माझी विनंती अशी. टॅब नकोतच असं मी म्हणत नाही. दोन वर्षं तार, बिल आणि माणूस नीट चालू दे. मग बाईंनी मागितलं तर टॅब घेऊ, त्यांना हवे तेवढे. आज त्यांनी काय मागितलं ते मी विचारलं. त्या म्हणाल्या, "तिसऱ्या मजल्यावर नेट आलं तर बरं होईल." एवढंच.

हे मी इतक्या आग्रहाने का सांगते आहे? आपल्या वेळी एका इयत्तेच्या चार तुकड्या होत्या, आज दोन भरताना दमछाक होते. गिरगाव, दादर, परळची मराठी माणसं विरार, डोंबिवली, बदलापूरला गेली, राहिलेल्यांची मुलं इंग्रजी शाळांत गेली. अशा वेळी जे पालक विश्वासाने मूल इथे पाठवतात, त्यांना त्यासाठी काही गमवावं लागू नये. पलीकडच्या शाळेतल्या मुलाला जे दिसतं ते आपल्या दहावी 'ब'लाही दिसावं, चौथ्या तासालाही दिसावं. शाळा टिकवायची तर भाषणांपेक्षा हे जास्त उपयोगी पडेल.

बाई, सर, तुम्ही आम्हाला जे दिलंत त्यातलं बरंचसं रोजचं होतं. रोज हजेरी, रोज वह्या तपासणं, रोज फळ्यावर तारीख. त्याचा कधी समारंभ झाला नाही. तुमचे आभार मानायचे तर तुकडीनेही काहीतरी रोजचं करावं असं मला वाटतं.

दाराजवळच्या टेबलावर वही ठेवली आहे. तार, ठेव आणि माणूस या प्रस्तावाला तुमची संमती असेल तर सही करा. पहिल्या सहा महिन्यांसाठी ज्यांचा फोन नंबर शाळेला द्यायचा त्या दोघांपैकी एक मी आहे. दुसरं नाव अजून रिकामं आहे. चला, जेवायला.